लिंगमळा : मोठा धबधबा हुकला तरी चालेल

महाबळेश्वरहून आलेल्या कुणालाही लिंगमळ्याबद्दल विचारा, तो मोबाइलमध्ये मोठ्या धबधब्याचा फोटो काढून दाखवेल. समोरच्या कड्यावरून पडणारी पांढरी धार, खाली दरी आणि कडेला रेलिंग धरून उभी असलेली सगळी मंडळी. माझं माहेर नि सासर दोन्ही वाईचं. पाहुणे आले की पसरणीचा घाट चढून त्यांना फिरवून आणायचं काम ठरलेलं, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं झालंय. लिंगमळ्याला जायचं ते छोट्या धबधब्यासाठी आणि तिथवर नेणाऱ्या झाडीतल्या वाटेसाठी. मोठा दिसला तर वरचा नफा.

ठिकाण सोपं आहे. पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना, गाव साधारण 6 किलोमीटर राहिलं की लिंगमळा लागतो. हमरस्ता सोडून थोडं आत गेलं की गाड्या लावायची जागा, तिकीट खिडकी आणि कणसाच्या गाड्या. तिकीट खिशाला जड नाही, सुटे पैसे मात्र जवळ असू द्या. सुट्टीच्या दिवशी अकरानंतर गेलात तर गाडी लावण्यातच अर्धा जीव जातो. आम्ही सकाळचा चहा घेऊन वाईतून निघतो आणि मंडळी हॉटेलातल्या नाश्त्यावरून उठायच्या आत पाणी बघून परत वर येतो. एवढं एक जमवलंत तरी निम्मं काम झालं.

यंदा गौरी-गणपती उरकल्यावर सासूबाईंना घेऊन गेले होते. आमच्याकडे त्यांना आत्या म्हणतात. गुडघे दुखरे, पण घरी बसायची तयारी नाही. “मला उगाच डोंगर चढायला लावणार असशील तर मी गाडीतच बसते,” असं घाटातच सांगून झालं होतं. बरोबर जाऊबाईंचा आठ वर्षांचा मुलगा. म्हणजे एक हळू चालणारं माणूस आणि एक न थांबणारं. वाटेची परीक्षा घ्यायला याहून चांगली जोडी मिळायची नाही.

वाट लाल मातीची, मधूनमधून जांभ्याचे दगड, जागोजागी पायऱ्या. पुढे फाटा फुटतो, एक वाट छोट्या धबधब्याकडे जाते आणि दुसरी मोठ्याच्या दर्शनाला. छोट्याकडची वाट कुणालाही जमेल अशी आहे. आत्या कुठेही न बसता गेल्या, काठी फक्त ओल्या पायऱ्यांवर टेकली. मोठ्याकडे मात्र उतार जास्त आहे. जाताना काही वाटत नाही, येताना तोच उतार चढ होतो आणि मग गुडघ्यांना सगळं आठवतं. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी छोट्यावर समाधान मानावं आणि त्यात काही गमावलं असं मनात आणू नये.

मला आवडते ती वाटेवरची झाडी. महाबळेश्वरची झाडं उंचीला फार नाहीत, वारा त्यांना वाढूच देत नाही, पण एकमेकांत अशी गुंतलेली असतात की वरून पाऊस थांबला तरी खाली अर्धा तास टपटप चालू राहते. जांभूळ, हिरडा, पिसा आणि सगळ्यात जास्त अंजनी. पावसाळ्यात खोडांवर शेवाळाचा इतका जाड थर चढतो की साल दिसतच नाही. पोरगं प्रत्येक झाडाला हात लावून बघत होतं. त्यातच कुठे नेचे उगवलेले, कुठे फांदीला आमरीची, म्हणजे ऑर्किडची, पानं चिकटलेली. जमिनीवर बघाल तर दगडाच्या फटीतून बोटाच्या पेराएवढा खेकडा बाहेर येतो, आपली चाहूल लागली की नांगी वर करून थांबतो आणि मग आडवा पळून आत जातो. आमचा मुलगा त्या खेकड्यापाशी जेवढा वेळ बसला, तेवढा धबधब्यापाशीही नाही.

मधेच झाडीतून शीळ ऐकू आली. सरळ माणसासारखी, एखादं गाणं धड न येणारा पोरगा घालेल तशी. आत्या थबकल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “कोण गं हा टवाळ? बायामाणसं चाललेली दिसत नाहीत का?” तो शीळकरी कस्तुर होता. पावसाळ्यात ओढ्याकाठी तो हमखास ऐकू येतो. निळसर काळा पक्षी, सावलीत बसला की सापडत नाही. दिसला तेव्हा आत्यांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि “लग्नाचा दिसतोय” म्हणून माफ केलं.

छोटा धबधबा म्हणजे कड्यावरून कोसळणारं काही नाही. ओढा दगडांच्या टप्प्यांवरून खाली येतो, शेवटी एक बेताची उडी घेतो आणि पुढे पसरतो. पाणी बेताचं असेल तेव्हा कडेच्या दगडावर बसून पाय सोडता येतात. पाणी गार, इतकं की पहिली दोन मिनिटं घोटे दुखतात. आवाज मात्र आकाराच्या मानाने मोठा, शेजारच्याशी बोलायचं तर जवळ सरकावं लागतं. आत्या पाय सोडून बसल्या त्या उठेचनात.

पाणी कधी असतं, हे जरा समजून जा, म्हणजे हिरमोड होणार नाही. हा धबधबा वेण्णा नदीचा. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये बांधलेला वेण्णा तलाव वरच्या अंगाला आहे. तो भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की लिंगमळ्याला जोर चढतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढे आठ महिने कोरडे. इथलं पाणीही तसंच, चार महिने उधळायचं आणि मग हात आखडायचा. मे महिन्यात आंबे खात खात येऊन “धबधबा कुठाय?” विचारणारे पाहुणे आम्ही दर उन्हाळ्यात बघतो.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी सगळ्यात जास्त, पण तेव्हा धुकं असं दाटतं की मोठ्या धबधब्यासमोर उभं राहून नुसता आवाज ऐकायचा. सुमारे 600 फुटांचा आहे म्हणतात, त्यातला एक फूट दिसला तरी नशीब. शिवाय जोराच्या पावसात ओढ्याचं पाणी बघता बघता वाढतं, तेव्हा पाण्यात उतरायचा विचारही नको आणि तिथल्या माणसाने अडवलं तर त्याच्याशी हुज्जत नको. माझ्या मते गणपतीनंतर ते दिवाळीपर्यंतचा काळ उत्तम. पाणी भरपूर, झाडी हिरवी, मधून ऊनही पडतं. डिसेंबरपर्यंत चालून जाईल. त्यानंतर वाट फिरायला छान, धबधब्याची अपेक्षा ठेवू नका.

आता तक्रारी. पहिली माकडांची नाही, माणसांची. एक टोळकं कमरेएवढा स्पीकर घेऊन आलं होतं. धबधब्याच्या आवाजावर मात करायची म्हणून तो पूर्ण वर. कस्तुर काय, आम्हीही उठून गेलो. दुसरी, वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या दगडांच्या फटीत, नेमक्या त्या खेकड्यांच्या घरात. पाचगणी-महाबळेश्वर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग म्हणून जाहीर आहे, ते आपल्यालाही लागू असतं हे कुणाच्या गावीही नाही. माकडांचं म्हणाल तर त्यांचा दोष नाही. हातात कणीस धरून वाटेने चाललात तर ते तुमचं नाही, एवढं समजून चला. प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना आपल्याआधी ऐकू येतो.

पायात चांगली पकड असलेले बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल घाला. नव्या कोऱ्या चपला घालून आलेली एक नवरी नवऱ्याचा दंड धरून अख्खी वाट उतरली, बघायला गोड होतं, पण दोघांचाही जीव टांगणीला. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, फांद्यांत छत्री अडकते. लहान मूल असेल तर जादा कपडे गाडीतच ठेवा, कारण ते भिजणारच.

परत वर आल्यावर कणीस. कोळशावर भाजलेलं, वर लिंबू, तिखट, मीठ. कणीसवाल्या बाईने तिखट विचारून लावलं, हे मला फार पटलं. बाजूला गाजरं आणि लाल मुळ्यांच्या जुड्या होत्या, आत्यांनी मुळे घेतले, घासाघीस करून. स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडीत सुरू होतो, त्यामुळे सप्टेंबरात कुणी “आत्ताच तोडलीय” म्हणून क्रीमबरोबर देऊ लागलं तर हसून पुढे जा.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण त्या स्पीकरवाल्यांनी खाल्ला. आत्यांनी पाच दिलेत, त्यातला एक शीळ घालणाऱ्याला. गाडी नसेल तर वाई-महाबळेश्वर एसटीत कंडक्टरला चढतानाच लिंगमळा सांगून ठेवा, आणि परतीच्या गाडीची वेळ त्यालाच विचारून घ्या.