कोमट इंजिन, थंड लिफ्ट: जुन्या ट्रॅक्टरच्या सौद्यात अशी फसवणूक होते

तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर. मीटरवर २,८०० तास. बॉनेट, मडगार्ड, रिम, सगळं नव्या रंगात. सेल्फ मारताच इंजिन सुरू झालं, ऑइलच्या दाबाचा काटा वर गेला, लिफ्टने नांगर झटक्यात उचलला. शेतात दोन फेऱ्या झाल्या आणि पैसे दिले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ट्रॅक्टर बॅटरी उतरेपर्यंत सुरू होईना. ओढून सुरू केला, नांगराला लावला, तर तासाभरात ऑइलचा काटा तळाला आला. दुपारपर्यंत लिफ्ट नांगर वर धरेना. डिझेल भरायला इंजिन बंद केलं, ते पुन्हा लागेना.

एका दिवसात चार तक्रारी. घेणाऱ्याला वाटलं, आपलं नशीबच खोटं. पण नशिबाचा इथे काही संबंध नव्हता. चारही दोष सौद्याच्या दिवशी जसेच्या तसे होते. विकणाऱ्याने ते दुरुस्तही केले नव्हते. कोणता भाग किती गरम असताना दाखवायचा, एवढंच त्याने ठरवलं होतं. जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहारात सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, कारण डोळ्यांना दिसण्यासारखं काही नसतं.

आधी इंजिन. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) झिजले की दाबलेली हवा खाली निसटते आणि थंड इंजिनात पेटण्याइतकी उष्णता तयार होत नाही. तेच इंजिन गिऱ्हाईक येण्याच्या तासभर आधी चालवून कोमट केलं, की झिजलेलं असूनही पटकन लागतं. म्हणून पोचल्याबरोबर, गप्पा सुरू होण्याआधी, इंजिनाच्या ब्लॉकवर आणि रेडिएटरच्या टाकीवर तळहात ठेवावा. ऊब लागली तर त्या दिवशी पुढची तपासणी करू नये. ब्लॉकचं लोखंड जाड असतं, पूर्ण निवायला रात्र जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी यावं आणि आपल्या समोर पहिला सेल्फ मारायला सांगावं. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू देऊ नये. एअर क्लीनरचा पाइप काढून हुंगावा. स्टार्टिंग स्प्रेचा औषधासारखा तीव्र वास आला, तर हे इंजिन रोज स्प्रेवरच सुरू होतं.

सुरू झाल्यावर धूर बघायचा, पण घाईने निष्कर्ष काढायचा नाही. थंड इंजिनातून पहिली मिनिट-दोन मिनिटं पांढरा धूर येणं चालतं. ते न पेटलेलं डिझेल असतं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल फवारणारं नोझल, टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ), कमी कंप्रेशन म्हणजे हवेचा अपुरा दाब किंवा सिलिंडरमध्ये येणारं पाणी, यांपैकी काहीतरी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. लोड घेतल्यावर काळा धूर येतो तो जास्त डिझेल किंवा कमी हवा यांमुळे. तो कधी कधी नुसता एअर क्लीनर साफ केला तरी जातो. काळ्या धुराला माणसं फार घाबरतात, पण खर्च निळ्या धुरात असतो.

रिंगांची अवस्था सांगणारी सगळ्यात सोपी परीक्षा फुकट आहे. इंजिन तापल्यावर ते मंद चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढावं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवावं. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा भोकातून धुराचे झोत येऊ लागले, तर इंजिन बॅक कंप्रेशन मारतंय, म्हणजे वरचा दाब खाली चेंबरमध्ये, इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतोय. चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीला लांब पाइप लावून त्याचं तोंड गिअरबॉक्सखाली लपवलेलं असेल, तर तो पाइपही ओढून बघावा.

आता ऑइल. इथे फसवणूक उलट्या बाजूने चालते. ऑइल थंड असताना दाट असतं आणि झिजलेल्या बेअरिंगमधूनही हळू निसटतं, म्हणून काटा वर दिसतो. तापल्यावर ते पातळ होतं आणि खरं चित्र समोर येतं. गरम अवस्थेतही काटा टिकावा म्हणून विकणारे ठरलेल्या ग्रेडपेक्षा दाट ऑइल भरतात किंवा दाटपणा वाढवणारं औषध ओततात. ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिप स्टिक, काढून थेंब पडू द्यावा. मधासारखी तार धरत असेल तर शंका घ्यावी. डिप स्टिकवरचं ऑइल स्वच्छ सोनेरी असेल तर खूश होऊ नये. डिझेल इंजिनात ऑइल काही तासांतच काळं पडतं, तेव्हा हे कालपरवा बदललंय. जुनं दुधाळ होतं का, त्याला डिझेलचा वास होता का, हे आता कळणार नाही. ते कळू नये म्हणूनच ते बदललेलं असू शकतं. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर फीड पंपातून डिझेल किंवा लायनरच्या खालच्या रबरी रिंगांतून पाणी चेंबरमध्ये येत असण्याची शक्यता धरावी.

ऑइलचा दिवा असेल तर किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो लागायलाच हवा. लागत नसेल तर बल्ब गेलेला किंवा काढलेला आहे, नाहीतर वायर तुटली किंवा तोडली आहे. ट्रॅक्टरवरच्या काट्यावर तर अजिबात विसंबू नये. स्वतःचा साधा प्रेशर गेज सोबत न्यावा. सेन्सर काढून त्या आट्यात तो बसवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. नक्की आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकात असतो, पण ढोबळ मानाने पूर्ण तापलेल्या इंजिनात मंद गतीवर १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास आणि कामाच्या गतीवर अडीच ते ४ दाब असावा. या ट्रॅक्टरचा काटा थंड असताना साडेतीनवर होता. तासभर नांगरल्यावर मंद गतीला अर्ध्या किलोवर आला. चेंबर उतरवल्यावर क्रँकच्या मेन आणि बिगएंड बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबूस धातू उघडा पडलेला दिसला. म्हणजे क्रँक ग्राइंड करून जाड बेअरिंग घालण्याचं काम आलं. इंजिनात याहून मोठं काम फारसं नसतं.

लिफ्टचं गणितही ऑइलसारखंच आहे आणि तिच्याकडे लोक सगळ्यात कमी बघतात. दोन मिनिटं नांगर वर गेला, खाली आला, की समाधान. पण थंड, दाट तेलाने झिजलेला पंपही दाब देतो आणि फाटकी सीलही धरून ठेवते. लिफ्ट तपासायची ती पाऊण-एक तास काम करून तेल तापल्यावर, आणि सगळ्यात जड अवजार लावून. अवजार पूर्ण उचलावं, इंजिन बंद करावं, शेजारी काठी उभी करून उंचीची खूण करावी. त्या वेळी अवजाराखाली हात किंवा पाय जाता कामा नये. दहा मिनिटांत दोन-चार बोटं उतरलं तर जुन्या ट्रॅक्टरला चालून जातं. जमिनीला टेकलं तर सिलिंडरमधलं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गेलेला आहे. इंजिन चालू असताना वर धरलेलं अवजार दर काही सेकंदांनी मान डोलावल्यासारखं हलत असेल, तर तीही तीच गळती आहे. अवजार घसरतं, व्हॉल्व्ह ते पुन्हा उचलतो. दुरुस्तीचा आवाका मॉडेलवर ठरतो. मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १३५ मध्ये पंप मधल्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. तो काढायचा तर काम बरंच आत शिरतं. पंप बाहेर बसवलेल्या ट्रॅक्टरांत तेच काम बरंच सोपं असतं.

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचं तेल एकच असतं. गिअरच्या दांडीचं रबर फाटून पावसाचं पाणी आत गेलं की ते दुधाळ होतं. पाणी तेलाच्या तळाशी बसतं, म्हणून ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर खालचा ड्रेन प्लग किंचित सैल करून पहिले थेंब बघावेत. गिअर निसटतो का, ते उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून बघावं. चढावर निसटणारा गिअर वेगळा, उतारावर निसटणारा वेगळा, आणि दोन्ही प्रत्येक गिअरमध्ये बघावे लागतात. क्लचसाठी मोकळ्या जागेत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे, आणि प्लेट बदलायला ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात.

क्लच हाउसिंगच्या तळाला एक छोटं भोक असतं, अनेकदा त्यात सैल कॉटर पिन लोंबते. इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल गळलं तर ते क्लच प्लेटवर न साचता इथून बाहेर यावं, यासाठी ते ठेवलेलं असतं. या ट्रॅक्टरात ते भोक चिकट लांबी भरून बुजवलं होतं आणि वरून रंग मारला होता. बाहेर एक थेंब दिसत नव्हता, आत प्लेट ऑइलने भिजलेली होती.

रंगाबद्दल एवढंच लक्षात ठेवावं, की विकणारा पूर्ण जोडलेल्या ट्रॅक्टरवर फवारा मारतो. म्हणून फवाऱ्याचा रंग रबरी होजवर, वायरींवर सापडतो. ग्रीस निपलच्या तोंडावर न फुटलेला रंग असेल तर रंग मारल्यापासून तिथे ग्रीस भरलेलं नाही. रंगलेल्या बोल्टच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर तो भाग नंतर खोललाय. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटवर बोट फिरवून वेल्डिंगचा उंचवटा शोधावा. जड ट्रॉली ओढलेले किंवा पुढे लोडर लावलेले ट्रॅक्टर इथेच चिरतात.

मीटरच्या २,८०० तासांकडे वळलं तर क्लचच्या पेडलवरची नक्षी पुसून पत्रा गुळगुळीत झाला होता, ट्रॉली जोडायच्या ड्रॉबारचं भोक लांबट झालं होतं, अवजार जोडायच्या खालच्या लिंकचे बॉल खुळखुळत होते. जुन्या मीटरची केबल एका आट्यावर बसते. ती सोडली की तास थांबतात, आणि अख्खा मीटर बदलणंही अवघड नाही. पेडल, पिना, भोकं मात्र सहसा कोणी बदलत नाही. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं तर किंगपिन आणि बुशची झीजही लगेच हाताला लागते.

इंजिन मूळचंच आहे का, हे कागदावरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळवून कळतं, पण प्लेटचे रिव्हेट नवे असतील तर तेवढ्यावर थांबू नये. ओतीव भागांवर ओतल्याची तारीख असते. फोर्डच्या १९६५ नंतरच्या ट्रॅक्टरांवर ती अंक, अक्षर, अंक अशी येते. ‘७ सी १५’ म्हणजे सातने संपणाऱ्या वर्षाचा मार्च, तारीख १५. १९६७ की १९७७, ते मॉडेलवरून ठरतं. ओतल्याची तारीख ट्रॅक्टर तयार होण्याच्या आधीचीच असणार. ती नंतरची निघाली तर तो भाग दुसरीकडून आलेला आहे.

राहिली चौथी तक्रार. ही परीक्षा बहुतेक जण करतच नाहीत, कारण इतका वेळ चालवल्यावर इंजिन बंद करायचं कोणाच्या मनात येत नाही, आणि विकणारा तर ते चालूच ठेवतो. नोझलला दाबाने डिझेल पाठवणाऱ्या रोटरी फ्युएल पंपाच्या आतले भाग अतिशय घट्ट बसवलेले असतात. ते झिजले की गरम झालेलं पातळ डिझेल आतल्या आत निसटतं आणि सेल्फच्या कमी गतीला नोझलपर्यंत दाब पोचत नाही. थंड असताना हाच पंप ठीक चालतो. म्हणून तासभर जड काम करून इंजिन बंद करावं, दहा-पंधरा मिनिटं थांबावं आणि पुन्हा सेल्फ मारावा. लागलं नाही तर गार पाण्यात भिजवलेलं फडकं पंपावर ठेवावं, पाच मिनिटं जाऊ द्यावीत आणि परत सेल्फ मारावा. आता लागलं, तर डिझेल, बॅटरी, नोझल यांत वेळ घालवण्याची गरज नाही. पंप उतरवून खोलून दुरुस्तच करावा लागणार.