तराफा की ज्वारीचे रान: रॉकेट कुठून सोडावे?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसोबत हातभर उंचीची रॉकेटे उडवण्याचा मला छंद आहे. ती पाण्यावरून सोडावीत की जमिनीवरून, हे आम्ही पैठणकडे दोन्ही करून पाहिल्यावरच ठरवले. त्यामुळे खासगी कंपनीसाठी हाच प्रश्न घेऊन बसलेल्यांना माझे मत कदाचित उपयोगी पडेल.

कागदावर समुद्राची बाजू भक्कम आहे. समुद्रावरून रॉकेट सोडणाऱ्या 'सी लाँच' या बहुराष्ट्रीय कंपनीचा 'ओडिसी' हा तरंगता मंच प्रशांत महासागरात थेट विषुववृत्तावर जाऊन उभा राहत असे, आणि १९९९ ते २०१४ या काळात या योजनेतून ३६ उड्डाणे झाली. तिथे भूस्थिर, म्हणजे विषुववृत्तावर एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहाची तिरपी कक्षा सरळ करण्याचे इंधन वाचते, हे खरेच. पण पृथ्वीच्या फिरण्याचा जो वेग विषुववृत्तावर सेकंदाला ४६५ मीटर मिळतो, तो श्रीहरिकोट्यातही सुमारे ४५२ मिळतो. शिवाय लहान रॉकेटांच्या गिऱ्हाइकाला बहुधा ध्रुवीय, म्हणजे उत्तर-दक्षिण, कक्षा हवी असते आणि तिथे या वेगाचा काहीच उपयोग नाही. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे जाताना श्रीलंकेला वळसा घालावा लागतो, ही जमिनीची खरी उणीव. तमिळनाडूतील कुलशेखरपट्टणमचे केंद्र तयार झाले की तिथून सरळ दक्षिणेकडे जाता येईल आणि तीही राहणार नाही.

माझा कौल मात्र या आकड्यांनी ठरला नाही. पाझर तलावात तराफ्यावर रॉकेट उभे होते, काठावरून कळ दाबली आणि काहीच झाले नाही. बॅटरी सोडवून, थोडे थांबून होडीने जाऊन पाहिले, तर इग्नायटरच्या, म्हणजे रॉकेट पेटवणाऱ्या तारेच्या, चिमट्यात पाणी शिरलेले आणि घासायचा पॉलिश पेपर काठावरच्या पिशवीत राहिलेला! दुसऱ्या खेपेला तो घेऊन पोहोचेपर्यंत वारा सुटला, तराफा डुलू लागला आणि दिवस वाया गेला. पुढे ज्वारी काढलेल्या रानात तोच चिमटा ढिला झाला, तेव्हा एक मुलगा धसकटे तुडवत गेला आणि दहा मिनिटांत काम उरकून बांधावर परत आला.

'ओडिसी'चे बंदर तर कॅलिफोर्नियातील लाँग बीच, म्हणजे विसरलेला पाना आणायलाही कित्येक दिवसांचा प्रवास. जानेवारी २००७ मध्ये रॉकेट मंचावरच फुटल्यावर पुढच्या उड्डाणाला जवळपास वर्ष लागले. स्फोट जमिनीवरही चुकत नाही, परंतु तिथे क्रेन आणि वेल्डर रस्त्याने येतात.

चीनमधील एका खासगी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये 'ग्रॅव्हिटी-१' हे रॉकेट जहाजावरून सोडले, तेही किनाऱ्यापासून फार दूर न जाता. बंदर इतके हाताशी असेल, तर मी समुद्राला नाही म्हणणार नाही. आमचा तराफा मात्र आम्ही तलावावरच्या मासेमारांना देऊन टाकला आहे.