लघवी अचानक तुंबली तर: मूत्रमार्गातून नळी की ओटीपोटातून?

मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली लघवी मावते. ती तुंबली की ओटीपोट टणक फुगतं, माणूस घामाघूम होतो, बसवत नाही की झोपवत नाही. अशा वेळी घरी शेक देत, पाणी पाजत थांबू नका. पाण्याने तुंबारा वाढतोच. थेट रुग्णालय गाठा.

तिथे बहुतेकदा आधी मूत्रमार्गातून कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी, घालतात. बधिर करणारी जेली सोडतात, नळी हळूच सरकवतात, आत गेल्यावर टोकाचा छोटा फुगा पाण्याने फुगवतात म्हणजे ती निसटत नाही. पिशवीत लघवी उतरू लागली की रुग्णाचा आवळलेला जबडा सैल पडतो. काम काही मिनिटांचं, म्हणून पहिली पसंती हीच.

पण मार्ग आकुंचित असेल, नळी अडत असेल, किंवा अपघातात कंबरेचं हाड मोडून लघवीच्या तोंडाशी रक्त दिसत असेल, तर जोर लावणं घातक. मग ओटीपोटाची त्वचा बधिर करून, शक्यतो सोनोग्राफीत बघत, नळी थेट मूत्राशयात घालतात. ऐकून भीती वाटते, पण हिचा एक मोठा फायदा आहे: नळी चिमटून नैसर्गिक लघवी होते का ते पाहता येतं, नाही झाली तर पुन्हा टोचाटोची नाही. मात्र आतड्याला इजा होण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा मूत्राशयाचा कर्करोग असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

सोबत पाय लुळे किंवा बधिर पडले असतील तर तेही लगेच सांगा. दुखणं मणक्यात असू शकतं.