मोतीबिंदूनंतर डोळा लाल: थांबायचं, सोलापुरात दाखवायचं की थेट पुणे?

ऑपरेशननंतर डोळा थोडा लाल होतो, टोचतं, पाणी येतं. हा नेहमीचा लालपणा रोज उतरत जातो आणि नजर वाढत जाते. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग, म्हणजे एंडोफ्थाल्मायटिस, याच्या अगदी उलट वागतो. आधी छान दिसलेलं असतं, मग बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात नजर धूसर होऊ लागते. सहा आठवड्यांपर्यंत हा धोका असतो.

म्हणून रोज सकाळी दुसरा डोळा झाकून, त्याच जागी बसवून, भिंतीवरच्या कालनिर्णयातली तारीख वाचायला लावा. काल दिसलेली तारीख आज दिसत नसेल तर लगेच निघा. दुखण्यावर विसंबू नका, साधारण चारातल्या एकाला दुखतच नाही. ‘दुखत नाही ना, मग सोमवारी दाखवू’ म्हणणाऱ्यांचेच डोळे जास्त जातात.

डॉक्टरांनाही चकवतो तो टास (TASS), म्हणजे ऑपरेशननंतर डोळ्याच्या पुढच्या भागाला येणारी विषारी सूज. त्यात जंतू नसतात. उपकरणांच्या नळ्यांत राहिलेलं डिटर्जंट किंवा चुकीच्या प्रमाणातलं औषध डोळ्याच्या पुढच्या भागाला भाजतं. तो 12 ते 48 तासांत दिसतो, कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, या कडेपासून त्या कडेपर्यंत दुधाळ होतो, दुखणं कमी असतं आणि स्टिरॉइडच्या थेंबांनी उतरतो. संसर्गात बुबुळापुढे तळाशी पू साचलेला दिसतो आणि मागचा जेल, म्हणजे व्हिट्रियस, गढूळ होतो. पुढचं काही दिसतच नसेल तर बी-स्कॅन सोनोग्राफी करतात. तरीही शंका राहिली, तर संसर्ग धरूनच चालावं. टासमध्ये अँटिबायोटिकचं इंजेक्शन फुकट गेलं तर फार बिघडत नाही, पण संसर्गावर नुसते स्टिरॉइड देत बसलं तर डोळा हातचा जातो.

काही महिन्यांनी येणारा मंद संसर्गही असतो. स्टिरॉइडने बसतो, थेंब बंद केले की परत येतो. क्युटिबॅक्टेरियम हा त्यातला नेहमीचा जंतू फार हळू वाढतो, म्हणून कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, 14 दिवस ठेवायला सांगावं लागतं.

जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात. म्हणून ऑपरेशनआधी डोळ्यात 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन घालून तीन मिनिटं थांबणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. पापणीच्या कडांना खपल्या, अश्रुपिशवी दाबल्यावर येणारा पू, वाढलेली साखर, ऑपरेशनात फाटलेली भिंगाची पिशवी किंवा गळणारी चीर असेल तर धोका वाढतो. एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या अनेकांना त्रास झाला, तर मात्र संशय सलाईन, औषधं आणि नळ्यांवर घ्यायचा. तिथे स्युडोमोनाससारखा जंतू असला तर तासातासाला नजर जाते.

उपचाराचे दोन मार्ग. पहिला टॅप आणि इंजेक्शन: डोळा बधिर करून कॉर्नियाच्या कडेमागे 3.5 मिलिमीटरवरून सुई घालून थोडा जेल काढतात, लगेच व्हॅन्कोमायसिन 1 मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम 2.25 मिलिग्रॅम ही अँटिबायोटिक देतात. प्रत्येकी 0.1 मिली, आणि वेगळ्या सिरिंजने, कारण एकत्र केल्यास साका बसतो. रिपोर्टची वाट पाहत नाहीत. कल्चरला निदान दोन दिवस लागतात आणि दहापैकी तीनेकदा त्यात काही उगवतच नाही. दुसरा व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे दूषित जेलच काढणं. 1995 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात हाताची हालचाल किंवा त्याहून जास्त दिसणाऱ्यांना दोन्हींचा फायदा सारखाच झाला. नुसता उजेड कळणाऱ्यांना मात्र व्हिट्रेक्टॉमीने जास्त. आता बरेच पडद्याचे (रेटिनाचे) डॉक्टर याहून लवकर व्हिट्रेक्टॉमीकडे वळतात.

आता पुण्याचं. सोलापूरहून अंतर अडीचशे किलोमीटर, आणि अक्कलकोट किंवा बार्शीचा रुग्ण आधीच वाट तुडवून आलेला असतो. आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा. मग सोलापुरात विचारा: पडद्याचे डॉक्टर आत्ता आहेत का, टॅप करून इंजेक्शन आजच देतील का? हो म्हणाले तर इथेच घ्या, व्हिट्रेक्टॉमीसाठी पुण्याला नंतर जाता येतं. नाही म्हणाले तरच थेट निघा, रात्र असली तरी. इथे इंजेक्शन झालं असेल तर औषध, डोस आणि वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि नमुना कुठल्या लॅबला गेला तेही. डिस्चार्ज कार्डाबरोबर चालू थेंबांच्या बाटल्या न्या. उघडी बाटली फेकू नका, तिचंही कल्चर करावं लागू शकतं.