ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल: नुसतं ड्रेन करावं, चेंबर उघडावं की मशीन लावावं?

गाडी ऑटोमॅटिक, मीटरवर ६०-७० हजार किलोमीटर, आणि तीन ठिकाणी विचारलं तर तीन उत्तरं. एक म्हणतो, ‘तेल लाइफटाइम आहे, हात लावू नका.’ दुसरा म्हणतो, ‘जुनं काढून नवीन भरून देतो, तासाभराचं काम.’ तिसरा मशीन लावून सगळंच्या सगळं तेल बदलून द्यायला तयार असतो आणि त्याचं बिल साहजिकच मोठं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा-पुलीवर चालणाऱ्या) गाड्यांना वेळेवर आणि पुन्हा पुन्हा केलेलं साधं ड्रेन-अँड-फिल, म्हणजे निघेल तेवढं जुनं तेल काढून नवीन भरणं, सगळ्यात जास्त मानवतं. मशीनची गरज मोजक्याच गाड्यांना पडते. काहीच न करणं परवडतं ते फक्त गाडी लवकर विकून टाकणाऱ्याला, आणि त्याची किंमत पुढचा मालक मोजतो.

आधी आत काय आहे ते बघा

क्लचचं पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढीच आपली ओळख असते. पण त्या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात आणि तेलाचा हिशेब प्रत्येकीचा निराळा.

२०१४ मध्ये सेलेरिओसोबत आलेली मारुतीची एजीएस आणि तिच्यानंतर आलेल्या सगळ्या एएमटी गाड्या मुळात मॅन्युअलच असतात. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी आणि हाताऐवजी ॲक्च्युएटर करतो, इतकंच. आत मॅन्युअलसारखं गिअर ऑइल असतं. ॲक्च्युएटर हायड्रॉलिक असेल तर त्याचं थोडंसं वेगळं तेल असतं. एएमटीच्या मालकाला कोणी ‘एटीएफ फ्लश’ (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) विकत असेल तर तिथून सरळ निघावं. या लेखातलं पुढचं काही त्या गाड्यांना लागू नाही.

ड्युअल क्लचमध्ये दोन जाती. पोलो टीएसआयपासून आजच्या १.५ लिटर कुशाक-टायगुनपर्यंत वापरलेल्या सात गिअरच्या डीएसजीमध्ये (हे फोक्सवॅगन-स्कोडाचं ड्युअल क्लचसाठीचं नाव) क्लच कोरडे असतात. तिथे गिअरचं तेल वेगळं आणि मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे क्लच-गिअर चालवणाऱ्या कंट्रोल युनिटचं, तेल वेगळं. याच गिअरबॉक्सवरून २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. उष्ण-दमट हवेत आतल्या सिंथेटिक तेलामुळे विजेचा दोष उद्भवू शकत होता, म्हणून ते काढून मिनरल तेल भरलं गेलं. ‘भारीतलं भारी सिंथेटिक टाकू’ असं म्हणणाऱ्याला हे उदाहरण जरूर सांगा. जुन्या डिझेल ऑक्टाव्हियामध्ये असलेल्या सहा गिअरच्या डीएसजीत मात्र क्लच तेलात बुडालेले असतात. तिथे दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायला कंपनीनेच सांगितलं आहे. त्यात निवड करायला फारशी जागा नाही, वेळ पाळायची.

हायरायडर किंवा हायक्रॉससारख्या स्ट्राँग हायब्रिडवर ‘ई-सीव्हीटी’ लिहिलेलं असलं तरी आत पट्टा नसतो, प्लॅनेटरी गिअर असतात. त्यांच्या तेलावर ताण बराच कमी पडतो.

उरल्या टॉर्क कन्व्हर्टर आणि पट्ट्याच्या सीव्हीटी. इनोव्हा क्रिस्टा, नवी ब्रेझा, अर्टिगा, डिझेल क्रेटा एका बाजूला. होंडा सिटी, अमेझ, मॅग्नाइट दुसऱ्या बाजूला. खरा निर्णय यांच्या मालकांना घ्यायचा असतो.

‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाचं आयुष्य?

या गिअरबॉक्समध्ये तेल फक्त वंगणाचं काम करत नाही. क्लच प्लेट दाबायला लागणारा दाब तेच पोचवतं, उष्णता तेच बाहेर नेतं, आणि प्लेट किती झटकन धरायची की हळूच धरायची, तेही त्यातल्या रसायनांवर ठरतं. सीव्हीटीत तर पोलादी पट्टा आणि पुली यांच्यामधली पकडच त्या तेलाच्या भरवशावर असते.

तेलाला मारते ती उष्णता. तापमान १० अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा तेलांच्या बाबतीतला जुना ठोकताळा आहे. बोरघाटात ट्रकांच्या मागे फर्स्टमध्ये सरपटणारी गाडी, हिंजवडीच्या सिग्नलवर अर्धा-अर्धा तास तिष्ठणारी गाडी, मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात भरल्या सामानानिशी पळणारी गाडी, या सगळ्यांचा गिअरबॉक्स युरोपातल्या मोकळ्या हायवेवरच्या गाडीपेक्षा जास्त भाजून निघतो. गाडीसोबत मिळणाऱ्या मॅन्युअलमध्ये (माहितीपुस्तिकेत) ‘सिव्हिअर कंडिशन’ असा एक रकाना असतो. गर्दी, घाट, धूळ, ऊन, ओझं ही त्याची व्याख्या वाचली तर आपलं रोजचं जगणंच तिथे लिहून ठेवल्यासारखं वाटतं. तेव्हा त्या रकान्यातला आकडा आपला समजायचा.

लाइफटाइमच्या दाव्याबद्दल एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बीएमडब्ल्यूच्या कित्येक मॉडेलांत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स असतो. गाडीच्या सर्व्हिस वेळापत्रकात त्याच्या तेलबदलाला वर्षानुवर्षं जागा नव्हती. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते, की वापराप्रमाणे ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांनी तेल बदला. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मॅन्युअलमध्ये याहून आधीचा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. आकडा नसेलच, तर आपल्या वापरात टॉर्क कन्व्हर्टरला ५० ते ६० हजार आणि सीव्हीटीला ४० हजारांच्या आसपास, असं मी सुचवेन. गाडी कमी फिरते म्हणून निर्धास्त राहू नका, कारण किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षं मोजावी लागतात. झटके बसायला लागल्यावर बघू, असं तर मुळीच करू नका. झटका जाणवतो तोवर आत झीज झालेली असते.

तीन पद्धती, शेजारी शेजारी

नुसत्या ड्रेनमध्ये खालचा बोल्ट काढून येईल तेवढं तेल काढतात आणि तेवढंच नवीन भरतात. यातली मेख अशी, की सगळं तेल खाली येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरच्या नळ्यांत, व्हॉल्व्ह बॉडीत बरंच अडकून राहतं. समजा एका वेळी ४० टक्के निघालं. पहिल्या ड्रेननंतर ६० टक्के जुनं राहतं, दुसऱ्यानंतर ३६ आणि तिसऱ्यानंतर साधारण २२. तीन वेळा मिळून गिअरबॉक्सच्या क्षमतेच्या १२० टक्के तेल लागलं आणि जवळपास ७८ टक्के तेल नवीन झालं. हे तीन ड्रेन एकाच दिवशी करायची गरज नाही. इंजिन ऑइलच्या लागोपाठ तीन सर्व्हिसना एकेक केला तरी चालतो, खर्चही विभागला जातो. दर वेळी थोडाच बदल होत असल्यामुळे जुन्या गिअरबॉक्सला ही पद्धत सोसते. होंडाच्या सीव्हीटीसाठी कंपनीची रीतही ड्रेन-अँड-फिलचीच आहे.

चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, उघडण्याचा फायदा वेगळाच आहे: आत डोकावता येतं. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक बसवलेले असतात. त्यांच्यावर काळपट राखाडी, बोटाने पुसली जाईल अशी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे, घाबरू नका. कपड्याने पुसताना चकाकणारे कण, सुईसारखे तुकडे किंवा पत्र्याची बारीक सालं हाताला लागली, तर मग तेलाचा विषय बाजूला ठेवून गिअरबॉक्सवाल्याशी बोलायची वेळ आली. ते चुंबक तुम्हाला दाखवल्याशिवाय पुसू नका, असं मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा. फिल्टर चेंबर काढल्यावर हाताशी येणारा असेल तर याच वेळी बदलून घ्यावा. झेडएफच्या आठ गिअरच्या बॉक्समध्ये फिल्टर प्लास्टिकच्या चेंबरमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे चेंबरच नवीन घ्यावा लागतो. खर्च ड्रेनपेक्षा जास्त, पण पहिल्या मोठ्या तेलबदलाला मी हीच पद्धत निवडेन. त्यानंतर ड्रेन पुरे.

मशीनची नळी कूलरच्या लाइनला जोडतात. जुनं तेल बाहेर पडतं तसं नवीन आत जातं आणि ९० टक्क्यांच्या पुढे तेल बदलतं. गाडीचा इतिहास स्वच्छ असेल, तेल आधीही वेळेवर बदललेलं असेल आणि मशीन स्वतःचा जादा दाब न लावता गाडीच्याच पंपावर चालत असेल, तर यात वावगं काही नाही. पण एक लाख ३० हजार किलोमीटर झालेल्या आणि एकदाही तेल न बदललेल्या गाडीला मशीन लावायला मी सांगणार नाही. साचलेला गाळ एका फटक्यात हलवणं त्या वयाच्या गिअरबॉक्सला पेलेलच असं नाही. मशीनमध्ये आधीच्या गाडीचं वेगळ्या जातीचं तेल उरलेलं नाही ना, हेही विचारा. बरेच जण विचारत नाहीत.

थोडक्यात, नवीन तेलाच्या टक्केवारीत मशीन पुढे, आत काय चाललंय हे कळण्यात चेंबर पुढे, आणि कमी जोखीम व कमी खर्च या दोन्हींत ड्रेन पुढे.

पातळी: इथे सगळ्यात जास्त काम बिघडतं

पद्धत कोणतीही असो, तेलाची पातळी चुकली तर सगळं वाया. हल्लीच्या पुष्कळ गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. बाजूला किंवा खाली ओव्हरफ्लोचा बोल्ट असतो. गाडी लिफ्टवर अगदी सपाट हवी, इंजिन चालू हवं, गिअर सगळे एकेकदा फिरवलेले हवेत, आणि स्कॅनरवर तेलाचं तापमान कंपनीने सांगितलेल्या पट्ट्यात हवं. काही गाड्यांत हा पट्टा ३५ ते ४५ अंशांचा असतो, काहींत त्याहून वर. मग तो बोल्ट काढला की तेलाची बारीक धार येते, धार हळूहळू तुटक होत जाते, आणि थेंब थेंब पडायला लागले की बोल्ट लावून टाकायचा. तेल थंड असताना केलं तर जास्त भरलं जातं, फार तापल्यावर केलं तर कमी. जास्त झालं तर फेस होतो, कमी पडलं तर पंप हवा ओढतो, आणि दोन्हींत क्लच घसरतो.

म्हणून निघालेलं तेल मापाच्या भांड्यात घ्यायला लावा आणि लिटर लिहून घ्या. ड्रेनचा बोल्ट काढायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतोय ना, हे बघणारा मेकॅनिक निवडा. भरायचा बोल्ट गंजून बसलाय हे तेल काढून झाल्यावर कळलं, तर गाडी लिफ्टवरच अडकते. बोल्टाचा वॉशरही नवीनच हवा.

तेलाची जात

जुन्या तेलापेक्षा चुकीचं तेल जास्त नुकसान करतं. ‘युनिव्हर्सल, सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेली बाटली मी माझ्या गाडीत घालणार नाही. टोयोटाच्या टॉर्क कन्व्हर्टरना डब्ल्यूएस लागतं, ह्युंदाईच्या सहा गिअरना एसपी-४. होंडाच्या काउंटरवर तर एकाच कंपनीच्या दोन बाटल्या शेजारी असतात: जुन्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांचं डीडब्ल्यू-१ आणि २०१४ पासूनच्या सिटीच्या सीव्हीटीचं एचसीएफ-२. बाटली बदलली की पट्ट्याची पकड गेली. बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडलं जावं आणि बिलावर तेलाचं नाव पूर्ण यावं, एवढा आग्रह धराच.

रंगावरून फार निष्कर्ष काढू नका. एटीएफ बहुधा लाल असतं आणि वापराने तपकिरी होतं, पण सीव्हीटीची तेलं हिरवी, निळी किंवा पिवळट अशी कशीही असतात. करपलेला वास मात्र कोणत्याही तेलात वाईटच.

कंपनी की बाहेरचं गॅरेज?

वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर कंपनीच. लेखी नोंद राहते, नंतर वाद होत नाही. वॉरंटी संपल्यावर ऑटोमॅटिकचंच काम करणारं गॅरेज अनेकदा जास्त सवड देऊन काम करतं. फोनवरच तीन गोष्टी विचारा: तेल कोणतं घालणार, पातळी किती तापमानाला बघणार, आणि काढलेलं तेल मोजणार का. पहिल्या दोन्हींची उत्तरं पटकन आली तर गाडी न्यायला हरकत नाही. जुनी, डिपस्टिकची गाडी असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करणं जमण्यासारखं आहे. बाकीच्यांनी जॅकवर तिरपी गाडी ठेवून या भानगडीत पडू नये.

सेकंड हँड गाडी घेताना जॉब कार्डवर ‘चेक्ड’ आणि ‘रिप्लेस्ड’ यांतला फरक नीट वाचा. ‘चेक्ड’ लिहिलेलं असेल तर तेल बदललेलं नाही असंच धरा आणि ताबा मिळाल्यावर पहिला ड्रेन करून टाका. गाडी आधीच घसरत असेल, रेस वाढूनही पळत नसेल, डी टाकल्यावर क्षणभर थांबून मग धक्का देत असेल, तर मात्र तेलावर पैसे घालू नका. आधी पातळी आणि स्कॅनरवरचे कोड बघून घ्या. झिजलेली प्लेट नव्या तेलाने जाड होत नाही, आणि असल्या गाडीचं तेल बदलल्यावर ती बंद पडली, की दोष बिचाऱ्या तेलावर येतो.

पुराच्या पाण्याला यातलं कोणतंच वेळापत्रक लागू होत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये बुडाल्या तशा किंवा मुंबईत दर पावसाळ्यात सबवेत अडकतात तशा गाड्यांत पाणी ब्रीदरच्या (गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या) नळीतून गिअरबॉक्समध्ये शिरू शकतं. क्लच प्लेटवरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं. ते पाणी पितं, फुगतं आणि सुटतं. पाणी गिअरबॉक्सच्या वर गेलं असेल तर गाडी सुरू न करता फ्लॅटबेडवर घालून न्या आणि आधी तेलाचा नमुना काढायला सांगा. गुलाबी दुधासारखं तेल आलं, तर एका ड्रेनवर भागत नाही. पाण्याचा अंश दिसेनासा होईपर्यंत तेल पुन्हा पुन्हा बदलावं लागतं, आणि या एका बाबतीत खर्चाकडे न बघता कन्व्हर्टर आणि कूलरमधलंही तेल काढून घ्यायला सांगा.