सारखा पाऊस आणि ११० रुपयांचं अलंकारांचं पुस्तक

आमची पोरगी यंदा दहावीला, मराठी माध्यम. अलंकार काही तिच्या डोक्यात शिरेनात, म्हणून जुलैत बेळगावच्या गणपत गल्लीतून अलंकारांचं एक छोटं गाईड आणलं. किंमत ११० रुपये. मी वडगावात माग चालवतो, व्याकरण कधीच विसरलेलो. तरी कांड्या भरता भरता तिच्यासोबत अख्खं वाचून काढलं.

छपाई ठसठशीत, कागद बरा. सुरुवात तर फार आवडली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत, बाकीचे पुढच्या लोकांनी वाढवत नेले, हे शाळेत मला कुणी सांगितलंच नव्हतं. उपमेचे चार भागही नीट समजावलेत. त्यांचं उदाहरण कमळाचं होतं, मी पोरीला घरातलं दिलं: ‘माग पावसासारखा वाजतो.’ माग उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची ते, पाऊस उपमान, म्हणजे ज्याच्याशी करायची ते, वाजणं हा साधारण धर्म, म्हणजे दोघांतला सारखा गुण, ‘सारखा’ हा साधर्म्य दाखवणारा शब्द. तिला झटक्यात कळलं.

घोळ पुढं आहे. पुस्तकानं चौकटीत युक्ती दिलीय: सारखा, सम, परी, प्रमाणे दिसलं की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. आणि सरावाच्या प्रश्नांत वाक्य आहे, ‘रात्रभर सारखा पाऊस कोसळत होता.’ मागं उत्तर छापलंय, उपमा!

पोरगी म्हणाली, “पप्पा, सारखा आहे की, मग उपमा नव्हे काय?”

अगं, पाऊस कुणासारखा? बेळगावात जुलैत पाऊस सारखा पडतो म्हणजे थांबत नाही, एवढंच. उपमान कुठाय त्यात? ‘तू माझ्यासारखीच वडगावची’ यातही उपमा नाही. माणसाशेजारी माणूसच ठेवला, त्यात कसली गंमत? ‘मला वाटतं लाइट जाणार’ ही उत्प्रेक्षा कुठली, रोजचा अनुभव आहे तो.

मग एकच वाक्य फिरवत बसलो. ‘माग म्हणजे पाऊसच’, दोन्ही एक करून टाकले, रूपक. ‘माग वाजतोय, जणू पत्र्यावर पाऊसच पडतोय’, माग जणू पाऊसच अशी कल्पना केली, उत्प्रेक्षा. ‘हा माग नव्हे, पत्र्यावरचा पाऊस’, उपमेयच नाकारलं, अपन्हुती. ‘मागापुढं पावसाचा आवाज काहीच नाही’, उपमेय वरचढ ठरवलं, व्यतिरेक. ‘आमच्या मागासारखा आमचाच माग’ यात ‘सारखा’ असूनही तो अनन्वय, कारण तुलनेला दुसरं काही उरलंच नाही. ही सगळी पुस्तकात आहेत, पण अठरा पानं लांब एकमेकांपासून. शेजारी शेजारी छापली असती तर युक्तीची चौकट लागलीच नसती.

शेजारच्या कन्नड माध्यमाच्या पोरानं त्याचं पुस्तक दाखवलं. त्यातही उपमेय, उपमान हेच शब्द, फक्त ‘सारखा’च्या जागी ‘अंते’, तोही आपल्यासारखाच नामाला चिकटलेला. दोघं मिळून आता अभ्यास करतात.

दुकानदाराला चूक दाखवली तर म्हणाला, “आम्ही विकतो, छापत नाही हो मामा.” ते खरंच.

पाचांपैकी तीन तारे. घ्या, पण पोरांच्या हाती द्यायच्या आधी ती चौकट आणि पावसाचं उत्तर पेनानं खोडा. पेन्सिल पुरत नाही, आमच्या पोरीनं खोडरबरानं पुसून परत उपमाच लिहिलं होतं.