बडोद्याच्या अलकापुरीतील एका परदेश-मालमत्ता सल्लागाराकडचे दोन तास

माझा भाचा आणि त्याची पत्नी सहा वर्षांपासून दुबईत नोकरी करतात आणि पहिल्या वर्षापासून एकाच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. गेल्या दिवाळीत आमच्या ताईने, म्हणजे त्याच्या आईने, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातला आपला हिस्सा विकून ती रक्कम मुलाला पाठवायची आणि त्यातून त्याने तिथे घर घ्यायचे, असे जवळजवळ ठरवूनच टाकले होते. मी बँकेतून निवृत्त झालेला असल्याने कागद पाहण्याचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी आम्ही अलकापुरीतल्या एका सल्लागार कार्यालयाची सेवा घेतली. दोन बैठका आणि शेवटी एक लेखी टिपण, या सर्वाचे मिळून ६,००० रुपये शुल्क पडले.

त्याआधी आम्ही एका हॉटेलात भरलेल्या दुबईच्या फ्लॅटांच्या प्रदर्शनालाही जाऊन आलो होतो, आणि तिथला सल्ला फुकट होता. तिथल्या तरुणाने एका कागदावर दोनच आकडे लिहिले: भाचा वर्षाला भरतो ते ६८,००० दिरहम भाडे, आणि ९,००,००० दिरहमच्या फ्लॅटवर ८० टक्के कर्ज साडेचार टक्क्यांनी २५ वर्षांसाठी काढल्यास येणारा वर्षाचा ४८,००० दिरहमचा हप्ता. दोहोंमध्ये एक जाड रेघ ओढून त्याने कागद ताईकडे सरकवला. दोन्ही आकडे बरोबर होते, आणि म्हणूनच तो कागद मला अधिक खटकला. ज्याची दलाली बिल्डर देतो, त्याने ‘भाड्यानेच राहा’ असे सांगावे ही अपेक्षाच चुकीची आहे, हे मात्र त्या तरुणाच्या बाजूने म्हटले पाहिजे.

सल्लागार बेननी, म्हणजे त्या कार्यालयातल्या बाईंनी, तोच कागद पहिल्या बैठकीत समोर ठेवून घेतला आणि रेघेच्या खाली लिहायला सुरुवात केली. दुबईत २००२पासून परदेशी नागरिकांना ठराविक भागांत पूर्ण मालकीने घर घेता येते, त्यामुळे हक्काचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो व्यवहाराच्या खर्चाचा. जमीन विभागाचे हस्तांतर शुल्क ४ टक्के म्हणजे ३६,०००. दलाली २ टक्के आणि तिच्यावरचा व्हॅट मिळून १८,९००. कर्जाच्या नोंदणीचे पाव टक्का म्हणजे १,८००. नोंदणी कार्यालयाचे ४,२००. हे ६०,९०० दिरहम पहिल्याच दिवशी जातात आणि परत येत नाहीत. घर विकताना पुन्हा दलाली लागते आणि कर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक एक टक्का किंवा १०,००० दिरहम, यांपैकी जे कमी असेल ते घेते. म्हणजे घेणे आणि विकणे मिळून सुमारे ८५,००० दिरहम नुसत्या ये-जा करण्याचे.

हप्त्याची तुलना भाड्याशी करायचीच नाही, हा त्यांचा मुद्दा मला सर्वांत पटला. हप्त्यातले मुद्दल आपल्याच खिशात राहते. तुलना करायची ती जे परत मिळत नाही त्याची. पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ३२,०००, इमारतीचा सर्व्हिस चार्ज १०,५००, आणि पदरच्या २,४०,९०० दिरहमवर (किमतीचे उरलेले २० टक्के आणि वरचे ६०,९००) बुडणारे व्याज चार टक्क्यांनी साडेनऊ हजारांच्या आसपास. हे सारे ५२,०००च्या घरात जाते, त्यात किरकोळ दुरुस्ती धरली की भाड्याच्या तुलनेत वर्षाला फार तर १५,००० दिरहम वाचतात. घराची किंमत वाढली नाही आणि उतरलीही नाही, असे धरले तर ८५,००० भरून निघायला साडेपाच ते सहा वर्षे लागतात. एवढे झाल्यावर त्यांनी व्हिडिओ कॉलवर असलेल्या भाच्याला विचारले, ‘तुमचा व्हिसा किती वर्षांचा आहे?’ तो म्हणाला, ‘दोन वर्षांचा, आणि तोही कंपनीचा.’ ताई त्यानंतर बराच वेळ काही बोलली नाही.

भाडेकरूच्या हक्कांबद्दल मिळालेली माहिती हा या सेवेचा सर्वांत उपयोगी भाग होता, कारण ती प्रदर्शनात कोणी सांगत नाही आणि सहा वर्षे तिथे राहूनही भाच्याला ती अर्धवटच ठाऊक होती. करारनामा ‘इजारी’मध्ये, म्हणजे दुबईच्या सरकारी भाडेकरार नोंदणीत, नोंदवलेला असला की घरमालकाला मनाला येईल तसे भाडे वाढवता येत नाही. २०१३च्या ४३ क्रमांकाच्या आदेशाप्रमाणे चालू भाडे त्या भागातल्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढच मिळत नाही, ११ ते २० टक्के कमी असेल तर जास्तीत जास्त ५ टक्के, आणि पुढे पायरी-पायरीने २० टक्क्यांपर्यंत. शिवाय वाढीची सूचना ९० दिवस आधी द्यावी लागते; आणि घर विकायचे किंवा स्वतः राहायचे म्हणून भाडेकरूला उठवायचे असेल तर नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने १२ महिन्यांची नोटीस लागते. बडोद्यात अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर वाढलेल्या आम्हा मंडळींना हे संरक्षण जरा अविश्वसनीयच वाटले.

तक्रार आहे ती इथेच. एवढे समजावून सांगितल्यावर जे लेखी टिपण हाती आले, त्यात भाड्याच्या रकान्यात ६८,०००ऐवजी ८२,००० दिरहम धरलेले होते, म्हणजे आज नव्याने येणाऱ्या भाडेकरूला सांगितला जाणारा दर. सरासरी ८२,००० मानली तरी भाच्याचे भाडे तिच्यापेक्षा १७ टक्के कमी ठरते, म्हणून वाढ ५ टक्केच होऊ शकते आणि आकडा ७१,४०० येतो. स्वतःच सांगितलेला नियम स्वतःच्या टिपणात विसरावा, ही साधी चूक नव्हे. त्या एका आकड्याने खर्च भरून निघण्याचा काळ साडेपाच वर्षांवरून तीन वर्षांवर आला होता. मी दाखवल्यावर त्यांनी लगेच मान्य केले आणि दुरुस्त प्रत पाठवली, परंतु चार दिवसांत मिळायचे टिपण असे बाराव्या दिवशी पुरे झाले. ते फक्त इंग्रजीत असते, हेही सांगून ठेवतो. बोलणे गुजरातीत झाले आणि त्याची आम्हाला अडचण नव्हती. टिपण मात्र ताईला मला वाचून दाखवावे लागले.

दुसऱ्या बैठकीत इथून पैसे पाठवण्याचा विषय झाला. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. पण १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. ताईच्या मनातल्या ३८ लाखांवर हा आकडा ५ लाख ६० हजार होतो. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, तरी तोपर्यंत पैसा अडकतो, आणि ताईसारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला ही गोष्ट वाडा विकल्यानंतर कळण्यात अर्थ नाही. मृत्युपत्राचा विषय मात्र आम्ही काढला तेव्हाच निघाला. दुबईत बिगरमुस्लिमांना आपले मृत्युपत्र नोंदवण्याची सोय २०१५पासून आहे, आणि घर घेणाऱ्याला ती पहिल्याच बैठकीत न विचारता सांगायला हवी.

एक गोष्ट या कार्यालयाच्या बाजूने नोंदवतो. आमच्या शेजाऱ्यांची मुलगी कॅनडात शिकते आणि तिच्यासाठी तिथे स्वतःच्या नावाने घर घ्यावे, असे त्यांच्या मनात होते. माझ्या सांगण्यावरून ते तिथे गेले, तेव्हा बेननी त्यांना दहा मिनिटांत परत पाठवले: १ जानेवारी २०२३पासून कॅनडातल्या शहरी भागांत परदेशी व्यक्तींना राहते घर विकत घेण्यास बंदी आहे आणि तिची मुदत १ जानेवारी २०२७पर्यंत वाढवलेली आहे, तेव्हा तूर्त भाड्याचीच खोली बघावी. या बैठकीचे पैसे घेतले नाहीत.

जाणाऱ्यांनी शनिवार टाळावा, कारण त्या दिवशी तासाची वेळ पाऊण तासात आटोपते. परदेशातल्या मुलाला कॉलवर घ्यायचे तर दुबई आपल्या दीड तास मागे आहे, हे ध्यानात ठेवून दुपारची वेळ मागावी. चालू भाडेकरार, व्हिसाची प्रत आणि सहा महिन्यांचे बँक खाते सोबत न्यावे. आमच्याकडे भाडेकरार नव्हता म्हणून पहिली वीस मिनिटे भाच्याने तो शोधण्यात गेली. त्याने याच महिन्यात ७१,४०० दिरहमवर चार चेक देऊन करार पुढे चालवला आहे.